ओलं मेणकापड

जुन्नरच्या पेठेमागच्या गल्लीत इस्माईल तंबू शिवायचा. बाप गेल्यावर दुकान त्याच्याकडं आलं, तेव्हा त्यात जाड सुया, सुताच्या दोऱ्या आणि जुन्या राहुट्यांचे तुकडे एवढंच होतं. दहा-बारा वर्षांत त्यानं कामाला नाव मिळवलं. मोजणीखात्याचे लोक, जंगलात फिरणारे अंमलदार, लेणी बघायला येणारे पाहुणे, सगळे त्याच्याकडं यायचे. तो नुसता तंबू देत नसे. तंबूच्या वरच्या बाजूला चर खणायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. खाटेचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचे, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पाण्याची छागल झाडाच्या सावलीत वाऱ्याला टांगायची. थंडीत चुलीजवळचा गोटा फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायचा. असं सगळं तो गिऱ्हाइकाला बसवून समजावून सांगायचा. माणूस रानात थंडीनं आजारी पडत नाही, जमिनीच्या ओलीनं पडतो, हे त्याचं ठरलेलं बोलणं होतं.

एकोणीसशे नऊ साली दिवाळीच्या तोंडावर एक पेन्शनीत निघालेले ओव्हरसिअर साहेब त्याच्याकडं आले. त्यांच्या पत्नी कुशाबाई यांना दम्याचा त्रास होता. भीमाशंकरच्या वाटेवर मोकळ्या हवेत आठ-दहा दिवस राहावं, देवदर्शनही व्हावं, असा बेत होता. कार्तिकात त्या भागात दव फार पडतं, म्हणून साहेबांना एक राहुटी, घडीची खाट आणि खाली अंथरायला व वरून झाकायला मोठं मेणकापड पाहिजे होतं. इस्माईलनंही बरोबर यावं, राहुटी ठोकून द्यावी, असं ठरलं.

इस्माईलचा जीव खाटेत अडकला. कुशाबाईंना रात्री बसून श्वास घ्यावा लागतो हे ऐकून त्यानं उशाकडची बाजू वर उचलता येईल अशी खाट करायला घेतली. तीन वेळा मोडून पुन्हा केली. सुताराकडच्या चकरा वाढल्या, दिवस निघून गेले. मेणकापडाला जवसाचं तेल आणि मेण लावून दोन हात द्यायचे, आणि प्रत्येक हातानंतर ते पंधरा दिवस वाऱ्यावर ताणून ठेवायचं, ही बापाची रीत. इस्माईलचा दुसरा हात निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बसला.

निघायच्या दिवशी पहाटे कापडाला हात लावला तर बोटं चिकटली. त्यानं संगजिऱ्याची पूड सगळ्या कापडावर चोळली. पूड चोळल्यावर ते कोरडं वाटायला लागलं. मग घट्ट घडी घालून त्यानं ते गाद्या-रजयांच्या मधोमध बांधलं, म्हणजे वास बाहेर येणार नाही. कुशाबाईंनी निघताना विचारलंच, तेलाचा वास येतोय, सुकलंय ना नीट? इस्माईल म्हणाला, सुकलंय बाईसाहेब, नव्या कापडाला येतो थोडा वास.

सामानाची बैलगाडी पिंपळवंडीच्या म्हस्कूची होती. म्हस्कूच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, बाप शेतीला लागला, आणि म्हस्कू उरलेल्या वेळात भाडं मारायचा. इस्माईल आणि तो सहा-सात वर्षं बरोबर फिरले होते. सरकारी कॅम्प असला की इस्माईल म्हस्कूलाच बोलवायचा. म्हस्कूचा डावीकडचा बैल चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, त्याच्याच घरी जन्मून वाढलेला होता.

साहेब आणि कुशाबाई पुढं बैलांच्या हलक्या दमणीत, मागं म्हस्कूची गाडी आणि गाडीमागं पायी इस्माईल, असे मीना नदी ओलांडून ते पहिल्या मुक्कामाला घोडेगावी पोचले. तिथं साहेबांच्या ओळखीच्या घरी सगळे उतरले, म्हणून सामान सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी शिनोलीच्या अलीकडं ओढ्यावर न्याहारीला थांबले. म्हस्कू चाकाला टेकून चिलीम ओढत बसला. इस्माईल सामानाची दोरी तपासायला गेला. रजयांवर हात ठेवला तर हाताला ऊब लागली. ऊन अजून वर आलं नव्हतं. त्यानं हात मागं घेतला, क्षणभर उभा राहिला, आणि दोरी आवळून न्याहारीला बसला.

शिनोली दिसायला लागली तेव्हा गाडीतून धूर निघाला. आधी बारीक, पिवळट. इस्माईल ओरडेपर्यंत वाऱ्याची झुळूक आली आणि कापसानं पेट घेतला. बैल उधळले. म्हस्कूनं कासरा सोडला नाही, तो फरपटत गेला. गाडी रस्ता सोडून ओढ्याच्या घळीत कलंडली. गावातली माणसं घागरी घेऊन धावली, कोणी घोंगड्या ओल्या करून आगीवर टाकल्या. आग विझली तेव्हा राहुटी, रजया, खाट, सगळ्याचा कोळसा झाला होता. उजवा बैल जोखडातून सुटला होता. चांद्याचा पुढचा पाय मोडला होता आणि एक कूस होरपळली होती. संध्याकाळच्या आत तो गेला.

साहेबांनी कुशाबाईंना सावलीत बसवलं आणि ते म्हस्कूकडं आले. त्यांनी सगळ्या गावासमोर त्याच्या मुस्काटात मारली. सामानाशेजारी बसून चिलीम ओढणारा माणूस, म्हणाले, आज माझी बायको जाळली असतीस. म्हस्कूचा कोपर सोलून निघाला होता, त्यातून रक्त येत होतं. तो बैलाकडं बघत होता.

इस्माईलनं कापडाचं नाव काढलं नाही. त्याला तेव्हा खात्री नव्हती, असं तो पुढं स्वतःला सांगत राहिला.

खात्री घरी आल्यावर झाली. जाण्याआधी मेणकापडाला तेल लावायला वापरलेल्या चिंध्या त्यानं परसात पसरून टाकल्या होत्या, बाप तसंच करायचा म्हणून. बाप त्या कधी एका जागी गोळा करू देत नसे. इस्माईलला ती म्हाताऱ्याची टापटीप वाटायची. आता त्यानं नव्यानं तेलात चिंध्या भिजवल्या, टोपलीत दाबून भरल्या, वर जुना कापूस ठेवला आणि टोपली दुकानाच्या कोपऱ्यात सारली. पाच-सहा तासांनी त्याची बायको बिबिजान झाडायला आली आणि टोपली इतकी गरम कशी म्हणून तिनं विचारलं. त्यानं हात घातला. आतल्या चिंध्या तपकिरी पडल्या होत्या आणि त्यातून तोच पिवळट धूर येत होता. त्यानं टोपली उचलून विहिरीजवळ नेली आणि पाणी ओतलं.

बिबिजानला त्यानं त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली की आता म्हस्कूलाही सांगा. तो उद्या म्हणाला. उद्याचे तीन महिने झाले. लोक त्याला विचारायचे, तिथं नेमकं काय झालं हो, आणि तो म्हणायचा, वारा होता. हे खोटं नव्हतं. तंबूची कामं येत होती, पण तेल लावायची वेळ आली की तो दुसरंच काम काढायचा. रात्री उठून तो परसातल्या चिंध्या चाचपायचा.

माघात एका दुपारी म्हस्कू दुकानात आला. तो वाळला होता. डोक्यावरचं पागोटं तेच, पण खांद्यावरचा चाबूक नव्हता. इस्माईलनं त्याला बसायला पोतं दिलं. म्हस्कूनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात बोलायला लागला. त्याला भाडी मिळत नव्हती. घोडेगावच्या बाजूला तर कोणी गाडीजवळ उभं करत नव्हतं. बायको सुंदरा त्याला काही बोलत नव्हती, पण चुलीतला विस्तव आता तीच काढायची, त्याला हात लावू देत नव्हती. चिलीम त्यानं त्याच दिवशी फोडली होती.

"भाई, तुमी तिथंच व्हता," म्हस्कू म्हणाला. "मला आटवंना. मी चिलीम कुटं झाडली? वढ्यात झाडली का चाकापाशी? तुमी बगितलं असंल."

इस्माईलच्या हातात सुई होती. त्यानं चिलीम झाडताना पाहिलं होतं. म्हस्कू उठून ओढ्याच्या पाण्यापर्यंत गेला होता आणि तिथं ओल्या वाळूत झाडून आला होता.

"माझं ध्यान नव्हतं," इस्माईल म्हणाला.

म्हस्कूनं मान हलवली. "म्हंजी माज्याच हातनं झालं," असं म्हणून तो उठला आणि पायरी उतरून गेला.

त्या संध्याकाळी इस्माईल जेवला नाही. बिबिजाननं सकाळी त्याच्या फडक्यात भाकरी बांधून ठेवली. तो उजाडताच निघाला आणि दुपारी पिंपळवंडीला पोचला. म्हस्कू खळ्यावर होता. सुंदरा ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या बांधत होती. इस्माईल उभ्यानंच बोलला, बसला तर बोलता येणार नाही असं त्याला वाटलं.

"म्हस्कू, कापड वलं व्हतं. मी घाई केली आन् वरून पूड लावून झाकलं. जवसाचं तेल सुकताना तापतं. वाऱ्यावर असलं तर ऊब निघून जाती, दाबून बांधलं तर आतच कोंडती आन् पेट घेती. तू चिलीम वढ्यात झाडली व्हतीस. मी बगितलं व्हतं."

सुंदराच्या हातातली पेंढी खाली पडली. म्हस्कू जागचा हलला नाही. त्यानं आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडं पाहिलं.

"तीन म्हैने मी ह्येच बगत बसलोय," तो म्हणाला. "चांद्याला मी मारलं आसं समजून. आन् तुमाला ठावं व्हतं."

इस्माईल म्हणाला, होतं. घरी आल्यावर लगेच कळलं होतं. आणि ओढ्यावर हाताला ऊब लागली होती, तेव्हाही काहीतरी चुकतंय हे कळलं होतं, हेही त्यानं सांगितलं. ते सांगायची त्याला कोणी सक्ती केली नव्हती.

म्हस्कू त्याला मारेल असं सुंदराला वाटलं, ती मधे आली. पण म्हस्कू खाली बसला आणि उपरण्यात तोंड घालून रडला. इस्माईल तिथंच उभा राहिला. बऱ्याच वेळानं म्हस्कूनं तोंड पुसलं आणि विचारलं, हे शिनोलीत येऊन सांगशील का? तिथं त्याला मार बसला होता. इस्माईल हो म्हणाला. म्हस्कूनं पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं, आणि ते त्यानं पुढं कधी बदललं नाही.

वाटेत जुन्नरला ते ओव्हरसिअर साहेबांच्या दारात गेले. साहेबांनी ऐकून घेतलं. कापड आपोआप पेटतं हे त्यांना पटलं नाही, किंवा पटवून घ्यायचं नव्हतं. झालं ते झालं, म्हणाले, आता उगाळून काय उपयोग. कुशाबाई दाराआड उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या, म्हस्कूसमोर हात जोडले आणि आत गेल्या. इस्माईलकडं त्यांनी पाहिलं नाही.

शिनोलीला ते दुसऱ्या दिवशी पोचले. दोघं एका वाटेनं चालले, पण म्हस्कू वीस पावलं पुढं होता. रात्री देवळात झोपले आणि सकाळी इस्माईल चावडीपुढं टोपली घेऊन बसला. तेलाची बाटली आणि चिंध्या त्यानं जुन्नरहून आणल्या होत्या. सगळ्यांसमोर चिंध्या भिजवल्या, टोपलीत दाबल्या, वर कापूस घातला आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. वीस-पंचवीस माणसं जमली होती. कोणी हसलं, कोणी म्हणालं, जुन्नरवाल्यांचा हा नवा खेळ आहे. तासभर काहीच झालं नाही. दोन तासांनीही नाही. ऊन चढलं तशी माणसं शेतावर गेली. चावडीपुढं गेणभाऊ पाटील, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देणारी म्हातारी लंकाबाई, आणि हे दोघं, एवढीच राहिली.

इस्माईलला भीती वाटायला लागली की आज काही होणारच नाही. मग लोक म्हणतील, गाडीवाल्याला वाचवायला आला होता. त्यानं टोपलीला हात लावला नाही. म्हस्कू पाठ करून बसला होता.

ऊन कलल्यावर लंकाबाईनं नाक वर केलं. कसलासा जळका वास येतोय, ती म्हणाली. पाटील वाकले. कापसाच्या मधोमध एक तपकिरी डाग उमटला, काळा झाला, आणि त्यातून धूर निघाला. पाटलांनी काठीनं कापूस बाजूला सारला. हवा लागताच आतल्या चिंध्या लाल झाल्या आणि ज्योत उठली. जवळपास विस्तव नव्हता, हे पाटलांनी स्वतः सकाळी पाहून घेतलं होतं.

पाटील उठून म्हस्कूजवळ गेले. "पावणं, त्या दिवशी आमी समद्यांनी बगितलं आन् कुनी मधी पडलं न्हाई," ते म्हणाले. "मी गावाला सांगतो. घोडेगावातबी सांगतो."

लंकाबाईनं इस्माईलला पाण्याचा तांब्या दिला. "लई उशीर केलास बाबा," एवढंच ती म्हणाली.

परतताना मीनेच्या काठी म्हस्कूची वाट फुटत होती. इस्माईलला वाटलं, तो थांबेल, काहीतरी बोलेल. म्हस्कू पाण्यात उतरला, हातपाय धुतले, पलीकडं चढला आणि पिंपळवंडीच्या बाजूला गेला.

होळीनंतर त्याला भाडी मिळायला लागली. मेव्हण्याकडचा एक बैल त्यानं जोडीला घेतला होता. पेठेतून गाडी जायची तेव्हा चाकांच्या आवाजावरून इस्माईल ओळखायचा, पण गाडी दुकानासमोर थांबली नाही. इस्माईलची निम्मी गिऱ्हाइकं गेली. जी उरली त्यांना तो मेणकापड द्यायला महिना लावायचा, आणि कोणाला घाई असली तर सरळ दुसरीकडं जा म्हणायचा. बिबिजान म्हणाली की आता तरी झोप लागत असेल. त्यानं हो म्हटलं. झोप लागत होती, पण पहाटे जाग आली की त्याच्या तळहाताला ती रजईतली ऊब जाणवायची, आणि तो अंधारात हात उघडा धरून पडून राहायचा.