कोरडे हात

"अगं, पोट पुसलंस का? एक थेंब राहिला तरी सगळं मुसळ केरात!" म्हातारा सुनेवर खेकसला.

"पुसलं, मामंजी. मासा आहे तो, आरसा नव्हे."

मत्स्यबीज केंद्रात त्याची हयात गेली होती. नराचं पोट दाबून वीर्य काढावं तर त्यानेच! शुक्राणू नराच्या पोटातच पोहण्याजोगे तयार होतात, पण हलत मात्र नाहीत. पाणी लागलं रे लागलं की सुसाट सुटतात आणि मिनिटभरात दम संपून थांबतात. म्हणून अंड्यांत मिसळेपर्यंत सगळं कोरडं हवं. "आमचे चिरंजीव तसेच," म्हातारा म्हणायचा, "तोंडावर पाणी मारल्याशिवाय हलायचे नाहीत." "हे लग्नाआधी सांगायचं होतं ना!" असं सुनेचं उत्तर ठरलेलं.

पण यंदा त्याचे हात थरथरायला लागले होते. आजपासून सुनेला करू दे, असं केंद्राच्या साहेबांनी बजावलं होतं. तरी "एवढा शेवटचा" म्हणत त्याने हट्टाने मासा घेतला. भांड्यात अंडी तयार होती आणि पिकलेला नर हा एकच उरला होता.

अंगठा थरथरला, दाब जास्त पडला. वाटीत पडलेल्या वीर्याचा एक थेंब त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाणी न लागताच सगळे धावत सुटले होते. माशाचं मूत मिसळलं होतं, आणि तेही पाण्यासारखंच त्यांना जागं करतं. बघता बघता सगळे थांबले.

"कसं आहे, मामंजी?"

चांगलंय म्हटलं असतं, तर आज तरी कुणाला कळलं नसतं.

"फेकून दे. माझ्या हातून मूत मिसळलं." त्याने वाटी तिच्याकडे सरकवली. "पोटात अजून थोडं असेल. तू काढ."

त्याने टॉवेल उचलला. माशाचं पोट पुसलं, मग सुनेचे हात, एकेक बोट करून.

तिने अलगद दाबलं. या वेळी भिंगाखाली सारं शांत होतं. तिने वीर्य अंड्यांवर सोडलं, पिसाने ढवळलं आणि पाण्याचा मग त्याच्यापुढे धरला.

"पाणी तुम्ही घाला."

"हात बघतेस ना माझा?"

"बघतेय. पाण्याला चालतो."

त्याने मग घेतला. थरथरत्या हातातून पाणी अंड्यांवर सगळीकडे सारखं पडलं. आता एखादा थेंब वरून पडला तरी काही बिघडणार नव्हतं. म्हातारा भांड्यावर वाकून उभा राहिला आणि त्याने डोळे पुसले नाहीत.