हात थरथरतो का?

"खिशात काही राहिलं नाही ना? किल्ली, नाणं, पट्टा?" यंत्राजवळच्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"आता फक्त दात राहिलेत," थोरला म्हणाला आणि त्या पांढऱ्या नळकांड्यात आडवा झाला.

दुखणं त्याला काहीच नव्हतं. दुखणं धाकट्याचं. कधी महिना महिना झोप नाही, डोक्यात कल्पनांची जत्रा. मग महिना महिना भिंतीकडे तोंड. बायपोलर, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यांचा अभ्यास चालू होता: आजारी माणसाचा मेंदू आणि त्याच्या धडधाकट भावंडाचा मेंदू शेजारी ठेवून बघायचा, आणि लिथियमच्या गोळ्यांनी काय फरक पडतो तेही. थोरला लगेच तयार झाला. आजवर या घरात त्याला कुणी तपासलंच नव्हतं. आई धाकट्याच्या उशाशी बसायची आणि याला म्हणायची, "तुझं काय, तू शहाणा आहेस."

यंत्र ठोकाठोक करत राहिलं. हलायचं नाही म्हटल्यावर विचार करण्यावाचून उद्योग नव्हता.

दोघांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. थोरला दोरी धरून रेषा मारायचा, खडूने अक्षरं बेतायचा, मग रंग भरायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "बरं आलंय." तीस वर्षं त्याने हे 'बरं' ऐकून घेतलं होतं. धाकटा मात्र रेषा न मारता थेट ब्रश टेकवायचा आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. थोरल्याच्या पोटात दुखायचं, सरळ सांगायचं तर जळायचं. त्यावर त्याने स्वतःपुरतं एक औषध शोधलं होतं. त्याचं डोकंच वेगळ्या मातीचं, असं तो म्हणायचा. वेड आणि हुनर एकाच डब्यातले, आपल्या डोक्यात ते घातलंच नाही, तर आपला काय दोष?

वर्षापूर्वी गोळ्या सुरू झाल्या आणि आजार शांत झाला. पण धाकट्याचा हात थरथरू लागला. काचेवरचं बारीक काम आपोआप थोरल्याकडे आलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हात थरथरला तर सांगा. रक्त तपासून डोस कमी करता येतो, नाहीतर थरथरीवर वेगळी गोळी देता येते." थोरल्याने ते नीट ऐकलं होतं. नंतर प्रत्येक भेटीत बाई विचारायच्या, "हात थरथरतो का?" धाकटा थोरल्याकडे बघायचा आणि थोरला म्हणायचा, "छे, अजिबात नाही." असं तीनदा झालं.

तपासणी आटोपून तो बाहेरच्या बाकावर येऊन बसला. त्याच्याआधी तपासणी उरकलेला धाकटा पेला दोन्ही हातांनी धरून पाणी पीत होता.

"दादा, मी त्या गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरतो. परवापासून या म्हणालेत. ब्रश काही आता माझ्याच्याने होत नाही. दुकान तू एकट्याने बघ."

थोरल्याला आनंद झाला. आधी आनंदच झाला. लाज वाटायला दोन मिनिटं लागली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. पडद्यावर दोन मेंदू शेजारी शेजारी होते.

"यातला याचा कुठला?" थोरल्याने विचारलं.

"तुम्हीच ओळखा बघू."

त्याने निरखून पाहिलं आणि उजवीकडच्यावर बोट ठेवलं. त्यातल्या घड्या त्याला जास्त नाजूक, जास्त देखण्या वाटल्या.

"तो तुमचा," बाई हसून म्हणाल्या.

"असं कसं? काहीतरी फरक असेलच की!"

"एकेकट्या चित्रावरून नाही कळत. शेकडो माणसांची सरासरी काढली, की हा आजार असलेल्यांत मेंदूचा वरचा थर काही जागी किंचित पातळ दिसतो. लिथियम घेणाऱ्यांत तो त्या मानाने जाड असतो. असं का, ते अजून नीट उलगडलेलं नाही."

"आणि हुनर कुठं असतं?"

"ते नाही हो आम्हाला दिसत."

थोरला दोन्ही चित्रांकडे बघत राहिला. तीस वर्षं उराशी धरलेली सबब या बाईंनी हसत हसत काढून घेतली होती. बाईंनी फाईल उघडली. "बरं, हात थरथरतो का?"

धाकट्याने सवयीने थोरल्याकडे पाहिलं.

"थरथरतो," थोरला म्हणाला. "सहा महिने झाले. मी खोटं सांगत होतो."

बाईंनी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग रक्त तपासायची चिठ्ठी लिहून दिली.

बाहेरच्या वाटेवर थोरल्याला राहवलं नाही. "शिव्या दे की मला. गप्प का?"

"शिव्या कशाला? बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा मीपण तिथंच बसलो होतो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू काच रंगवताना लोक थांबायला लागले होते, दादा. तू शीळ घालायचास. मी जन्मात तुझी शीळ ऐकली नव्हती. म्हटलं, राहू दे."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण चोरलं असं तो समजत होता, आणि ते तर दिलेलं निघालं. मनाचा मोठेपणासुद्धा याच्याच वाट्याला यावा! त्याला धाकट्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी रडूही आलं. त्याने दोन्ही आवरलं.

डोस थोडा कमी झाला. गोदामाच्या नोकरीला धाकट्याने नकार कळवला. महिन्याभराने एका चष्म्याच्या दुकानाचं काम आलं, दरवाजावरची काच, सगळी अक्षरं बारीक. धाकटा शिडीवर चढला. हात अजून अगदी स्थिर नव्हता. ब्रश टेकवण्याआधी तो श्वास धरायचा, मग एका ओढीत अक्षर उतरवायचा. रेषा मारलेली नव्हतीच.

तिसऱ्या अक्षरापर्यंत चार माणसं जमली. पाचव्याला कुणीतरी "वा!" म्हणालं. थोरला खाली शिडी धरून उभा होता.

"अहो, जरा बाजूला व्हा ना," मागून एकजण म्हणाला, "दिसत नाहीये."

थोरला बाजूला झाला. शिडी मात्र त्याने सोडली नाही.