तीन पुसट ठिपके

तुम्ही माझ्या पोरीला विज्ञान प्रदर्शनाच्या भरल्या हॉलमध्ये चोर ठरवलंत, परीक्षक साहेब. शेऱ्याच्या कागदावर मात्र तो शब्द लिहायला घाबरलात. तिथं लिहिलंत, 'प्रकल्प स्वतः केलेला नाही.'

त्या एका ओळीनं संघप्रियाची पुण्याच्या विज्ञान कार्यशाळेची जागा गेली. कॉलेजातून एकच पोर जाणार होतं.

मी दवाखान्यात एक्स-रे काढतो. शिक्षण दहावी, पुढचं सगळं वाचून. २००३ च्या दिवाळीत पोरीनं राजारामपुरीच्या सायबर कॅफेतून एक चित्र उतरवून, छापून आणलं. एकमेकींत घुसलेल्या दोन दीर्घिका, उपग्रहावरच्या दुर्बिणीनं क्ष-किरणांत टिपलेल्या. काळ्यावर नुसते ठिपके. मी म्हटलं, "ह्यात तारे जन्मल्यालं कुठं दिसतंय?"

"पप्पा, धडकेत वायू दाबला जातो, तारे घाऊक जन्मतात. त्यातले दांडगे लवकर मरतात. मेलेला तारा शेजारच्या जोडीदाराचा वायू ओढतो, तो वायू तापतो आणि क्ष-किरण सोडतो. ठिपके दाट, तिथं जन्म नुकतेच आणि जास्त."

"म्हंजे मढी मोजून बारशी सांगायची?"

"व्हय की," म्हणाली आणि हसली.

आमच्या खात्यात शंकेची फिल्म दोघं बघतात, एकमेकांना न सांगता. मी तिला तेच एकटीनं करायला शिकवलं. फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर चित्र लावून, वर ट्रेसिंग पेपर ठेवून, तिनं तीन वेगळ्या दिवशी ठिपके मोजले. आधीचा कागद झाकून. एकदा एक्केचाळीस, एकदा अडतीस, एकदा चाळीस. प्रदर्शनाच्या तक्त्यावर तिनं एक्केचाळीस लिहिलं आणि खाली लिहिलं, 'यातले तीन पुसट आहेत, खात्री नाही.'

ती खालची ओळ तुम्ही वाचलीच नाही. तक्त्याला लावलेली नावाची चिठ्ठी वाचलीत. "संघप्रिया बुद्धभूषण... बरं. वडील काय करतात?"

"एक्स-रे काढतात, सर."

"मग आकाशाचं कुठलं हाड मोडलंय?" तुमच्या शेजारचे दुसरे परीक्षक हंबीरराव खो-खो हसले. तुम्ही पेन्सिल पुढं केलीत. "हितं मोज. माझ्यासमोर."

तिनं मोजलं. अडतीस.

"तक्त्यावर एक्केचाळीस, आता अडतीस. दुसऱ्याचं आणायचं तर पाठ तरी धड करावं, बाई."

"सर, पाठ केलं असतं तर एक्केचाळीसच म्हटलं असतं की."

त्यावर तुम्ही पेन उचललंत आणि तो शेरा लिहिलात.

मी मागच्या खुर्चीवर होतो. पुढं आलो, म्हटलं, "साहेब, परत मोजू दे, दुसरं चित्र द्या." हंबीरराव म्हणाले, "पावणं, पालकांनी भाईर थांबायचं."

बाहेर थांबलो. दारातून दिसत होतं. पुढच्या टेबलावर तिच्याच कॉलेजातल्या सम्राटची पवनचक्की. पाती उद्यमनगरच्या कारखान्यात कापून आणलेली; बाहेर जाताना बघितलं, तिथला शिक्कासुद्धा पुसलेला नाही. तुम्ही ती फिरवून बघितलीत, पाठ थोपटलीत. तीच पवनचक्की पुण्याला चालली.

शुक्रवारी कार्यशाळेची यादी बंद होतेय. घरी पोरीनं तक्ता भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. माझ्याशी बोलते, आकाशाबद्दल बोलत नाही.

तेव्हा सरळ विचारतो. सम्राटला 'हे कुणी करून दिलं' असं का विचारलं नाही? आणि माझ्या पोरीवर शंका आली ती तक्ता बघून, का चिठ्ठीवरचं नाव वाचून? शुक्रवारच्या आत, लेखी, खाली तुमची सही करून सांगा.