पुठ्ठ्यावरचा डाग

फिटरच्या हातून आयुष्यात एकही गळती सुटली नव्हती. बस डेपोत सदतीस वर्षं काढली होती त्याने. गाडी गळते हे ड्रायव्हरला कळायच्या आत फिटरच्या बोटांना कळतं, असं तिथे सगळे म्हणायचे. काळं आणि चिकट असेल तर इंजिनचं ऑइल. लालसर असेल तर गिअरचं. बुळबुळीत आणि कडवट असेल तर ब्रेकचं. गोडसर लागलं तर रेडिएटर. हो, जिभेला लावून बघायचा तो! त्यावरून बायकोने शंभरदा कपाळावर हात मारून घेतला असेल, पण ऐकेल तो फिटर कसला.

आणि आता घराशेजारच्या शेडमध्ये, पाच महिने जागची न हललेली गाडी गळत होती, आणि काय गळतंय हे त्याला कळत नव्हतं.

गाडी पोराची. पिवळीधमक, दोन दारांची स्पोर्ट्स कार. जुनीच घेतली होती, पण अशी चमकवलेली की डोळे दिपावेत. पोराने ती पहिल्यांदा घरी आणली तेव्हा फिटरने दारातूनच विचारलं होतं, "ही गाडी आहे की चप्पल?" शेजारीपाजारी जमले होते, सगळे हसले. पोरगाही हसला. मग फिटरला चेव चढला आणि तो आणखी बोलला. "बापाने जन्मभर साठ माणसांची गाडी दुरुस्त केली, पोराने दोन माणसांची आणली. त्यातली एक सीट रिकामीच राहणार, कारण याच्या शेजारी बसतंय कोण!" तेव्हा मात्र पोरगा हसला नाही. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं तुटलं. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, आठ महिने. मधल्या मधे आईने किती निरोप पोचवले त्याला गणतीच नाही. बाबांना सांग, त्याला सांग.

एकदाच पोरगा स्वतःहून आला होता. फिटर पेपर वाचत बसला होता.

"बाबा, गाडीखाली काहीतरी ओलं दिसतंय. जरा बघता का?"

"ज्याची गाडी त्याने खाली झोपावं," फिटर पेपरमागून म्हणाला.

पोरगा आला तसा गेला. त्यानंतर अठरा दिवसांनी तो ऑफिसच्या जिन्यात कोसळला, तो उठलाच नाही. चौतीस वर्षांचा होता. लग्न व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय. हृदय काही फिटरच्या खात्यातलं नव्हतं.

गाडी शेडमध्ये तशीच उभी राहिली, आदल्या दिवशी पोराने टाकी फुल्ल करून लावली होती तशी. किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला लटकत होती. तिला फिटर हात लावत नसे. आणि तीन आठवड्यांपूर्वी फिटर हातोडी शोधायला शेडमध्ये गेला, तर पुढच्या चाकाच्या मागे जमीन ओली. बशीएवढी.

तो तिथेच उकिडवा बसला. आपण त्या दिवशी पेपर खाली ठेवून दोन मिनिटं वाकून बघितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? हा एक प्रश्न पोरगा विचारून गेला होता आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. बाकी काहीच आता हातात नव्हतं. एवढं होतं. गळतंय काय आणि कुठून, ते शोधायचं, दुरुस्त करायचं, आणि मग गाडीचं जे व्हायचं ते होवो.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. रोज सकाळी जॅक लावून नाक उचलायचं, टेकू द्यायचे, खाली सरपटायचं, जेवायच्या वेळी गाडी पुन्हा खाली. सहासष्टाव्या वर्षी, मोडक्या गुडघ्यांनी. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून गाडीखाली अंथरला, म्हणजे थेंब नेमका कुठे पडतो ते दिसेल. डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची आणि आत तारीख लिहायची. पातळ्या बघितल्या. इंजिन ऑइल जिथल्या तिथे. ब्रेकचं जिथल्या तिथे. रेडिएटरचं पाणी काठापर्यंत. काहीच कमी होत नव्हतं, आणि तरी गळत होतं! बोट लावलं, जिभेला लावलं. धुळीची चव. कडू नाही, गोड नाही. पाणीच म्हणायचं, पण पाणी येणार कुठून? पाणी गाळतो तो एसी, आणि एसी चालायला गाडी चालू लागते. उभ्या गाडीचा एसी कुठला गळायला. म्हणून एसी त्याने पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाकला.

शेडमध्ये धुराचा वास यायचा. पण सदतीस वर्षं धुरात काढलेलं नाक ते. त्याला धूर म्हणजे हवाच.

बायको सकाळी चहा घेऊन शेडमध्ये यायची. त्याचे नुसते पाय बाहेर असायचे. ती पायांशीच बोलायची.

"सापडलं का?"

"सापडेल. जाईल कुठे."

"सोडा ना. गळतंय तर गळू दे. तुमचे गुडघे बघा जरा."

"गळू दे काय गळू दे! वाढतंय ते. परवा बशीएवढं होतं, आज ताटाएवढं झालं."

हल्ली तिचं डोकं दुखायचं. संध्याकाळ झाली की कपाळाला पट्टी बांधून पडायची, कधी कधी मळमळायचं. फिटर येता-जाता औषधांच्या दुकानात थांबून गोळ्या आणायचा. पोर गेल्यावर आईचं डोकं दुखणार नाही तर काय होणार, असं दुकानदार म्हणाला, आणि फिटरलाही ते पटलं.

दुपारी तीन ते पाच तो डेपोसमोरच्या टपरीवर जायचा. निवृत्त झाल्यापासूनचा नेम. एवढे दोन तास घरात फक्त बायको.

त्या शनिवारी सकाळी डाग पुठ्ठ्याच्या कडेबाहेर गेला होता. फिटरने ठरवलं, आता बस झालं. इंजिन चालू करून दाब आणायचा, तरच गळती तोंड दाखवेल. त्या सीटवर तो कधी बसला नव्हता आणि बसायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण बघू. पाच महिन्यांत बॅटरी मेलेली असणार म्हणून त्याने आधी चार्जर लावला. काटा सरळ शेवटच्या रेघेवर. फुल्ल. त्याने वायर काढून पुन्हा लावली. फुल्ल.

"हा पण गेला," तो चार्जरला म्हणाला, आणि जेवण झाल्यावर चार्जर पिशवीत घालून डेपोकडे निघाला. बायको भांडी घासत होती.

"पाचला येताय ना?" तिने विचारलं.

"नेहमीसारखा."

टपरीवर शॉक भेटला. शॉक म्हणजे डेपोचा जुना इलेक्ट्रिशियन. तीनदा विजेचा झटका खाऊन जिवंत राहिला, म्हणून सगळे त्याला शॉक म्हणत. त्याने चार्जर उघडला, मीटर लावलं, पुन्हा झाकण लावलं.

"ठणठणीत आहे," शॉक म्हणाला. "तो फुल्ल दाखवतोय म्हणजे बॅटरी फुल्ल आहे."

"पाच महिने उभी आहे गाडी."

"मग उभी नाहीये. कोणीतरी रोज चालू करतंय. आणि तू ज्याला जीभ लावत फिरतोयस ना, ते एसीचं पाणी असणार. काय लेका, साधं पाणी ओळखता येईना तुला? म्हातारा झालास!"

आजूबाजूचे हसले. फिटर हसला नाही. त्याचा चहा हातातच राहिला. कोणीतरी म्हणजे कोण? घरात आहे कोण? तीन ते पाच. बशी, ताट, पुठ्ठ्याबाहेर. रोज जास्त वेळ. शटर नक्कीच खाली असणार, नाहीतर शेजाऱ्यांनी बघितलं असतं, बोलले असते. बंद शेडमध्ये इंजिन. डोकेदुखी. मळमळ.

"अरे देवा," तो म्हणाला. "अरे देवा, गोळ्या देत बसलो मी तिला!"

कप खाली पडला का ठेवला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. घर पंधरा मिनिटांच्या वाटेवर होतं. तो पळाला. गुडघे मोडोत नाहीतर राहोत, पळाला. शॉक मागून हाका मारत धावत होता.

शटर जमिनीला टेकलं होतं. आतून इंजिनची संथ घरघर येत होती आणि शटरवर हात ठेवला तर ते थरथरत होतं. त्याने दोन्ही हातांनी ते वर ढकललं. धुराचा लोट अंगावर आला, आणि या खेपेला त्याच्या नाकाला तो धूरच वाटला.

ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर होती. काचा बंद, एसी चालू. मान खिडकीकडे कललेली, गाल लालबुंद. मागचा-पुढचा काही विचार न करता त्याने दार ओढलं. तिचा एक हात शेजारच्या रिकाम्या सीटवर होता, कोणाच्या मांडीवर ठेवावा तसा. त्याने तिला काखेत धरून बाहेर ओढलं. गाडी इतकी बुटकी की ती आधी जमिनीवरच आली. दोघांनी मिळून तिला अंगणात नेलं. गाडीखाली पाणी टपकत होतं, पुठ्ठ्यावर, आजच्या तारखेच्या रेघेवर.

दवाखान्यात दोन दिवस तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी फिटरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काका, मुद्दाम की चुकून?"

"तिला गाडीतलं काही कळत नाही," फिटर म्हणाला. मग म्हणाला, "मला माहीत नाही." ते दुसरं उत्तर खरं होतं.

तिसऱ्या दिवशी मास्क निघाला. तो खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसला. पस्तीस वर्षांहून जास्त संसार झाला होता, आणि तोंडातून निघालं काय, तर, "अगं, शटर तरी उघडं ठेवायचंस."

"लोक बघतात," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "दुपारी मला उकडायचं ना, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तो मला गाडीत बसवायचा. आई, तू नुसती बस, मी एसी लावतो. बाजूने वाकून किल्ली कशी फिरवायची तेही दाखवलं होतं. एसी लावला की त्याच्या अत्तराचा वास येतो त्या जाळीतून. अजून येतो."

"मग मला का नाही सांगितलंस? मी तीन आठवडे त्या पाण्यापायी डोकं फोडून घेतोय. रोज चहा घेऊन येत होतीस, रोज विचारत होतीस सापडलं का म्हणून!"

"सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती."

"घेतलीच असती!"

"आणि गाडीखालून उठला असतात." तिने डोळे मिटले. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुम्ही त्याच्या कशाला तरी हात लावला होतात. मला ते बघायचं होतं."

फिटरने पाण्याचा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. मग त्याने ते विचारलं, जे विचारायची त्याला भीती वाटत होती. "त्या दिवशी तो आला होता ना मला विचारायला. तेव्हाही हेच पाणी होतं?"

"हेच."

"मग बघितलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं मी त्याला. एसीचं आहे बाबा, काळजी करू नकोस."

नर्स आली, सलाईन बघून गेली.

"त्याला माहीत होतं," बायको म्हणाली. "मीच विचारलं होतं आधी, हे काय गळतंय रे म्हणून. म्हणाला, एसीचं पाणी आहे, सगळ्या गाड्यांचं गळतं. मग म्हणाला, बाबांना सांगू नकोस. मी त्यांनाच विचारतो, ते बघायला खाली वाकले की मग बोलतील माझ्याशी."

फिटर खुर्चीवरून उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला. मग पलंगाच्या कडेला बसला आणि तिचा हात कपाळाला लावून मोठमोठ्याने रडला. शेजारच्या पलंगांवरची माणसं बघत होती, पण बघू देत. तिने हात काढून घेतला नाही.