रिकामा खिळा

मी एक जुने विमान आहे, पण जुनेपणाचे मला दुःख नाही. मला राग आला आहे. मित्रांनो, तुम्हीच सांगा, माझे काही चुकते का?

लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर पिवळे कापड आणि दोन माणसांपुरती जागा, एवढेच माझे अंग. अमेरिकेतल्या आयोवात मक्याच्या शेतांमध्ये विमाने उतरायचे आमचे गवताचे मैदान आहे. तिथे व्हर्नाबाईंनी अर्ध्या गावाला माझ्यात बसवून उडायला शिकवले. उडण्याआधी माझ्यात बसून नुसते गवत बघायचे, हा त्यांचा नियम. "किती जवळ दिसतंय ते डोळ्यांत भरून घे. उतरताना तेवढंच दिसलं पाहिजे," त्या सांगत. जो पहिल्यांदा एकटा उडून येई, त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून, नाव लिहून त्या हँगरच्या, म्हणजे माझ्या घराच्या, भिंतीवर खिळ्याला अडकवत. कर्टिसचाही तुकडा तिथे होता.

हा कर्टिस पुढे मोठ्या जेटचा कॅप्टन झाला. मग त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र उगवला.

"मॅडम, तिकडे सगळं यंत्रच उडवतं. जरा मजेसाठी उडायचंय."

"आधी गवत बघ."

"अहो, तीनशे माणसं घेऊन उतरतो मी! मला काय गवत दाखवता?"

बाईंनी लाडक्या शिष्याला तसेच उडू दिले. त्याचाही मला राग आहे.

जेटचा कॅप्टन दुमजली घराएवढा उंच बसतो. मला उतरवतानाही याच्या डोळ्यांत तीच उंची. चाके आता टेकणारच असे समजून त्याने माझे नाक वर धरले, आणि जमीन तर अजून कितीतरी खाली! वेग संपला, मी धपकन आदळले. डावा पाय मोडला, पंखाचे कापड फाटले. त्याला साधे खरचटलेही नाही.

"म्हातारं झालंय हे, मॅडम. भंगारात काढा, मी नवं घेऊन देतो."

चूक याची आणि भंगार मी! नाचता येईना, अंगण वाकडे.

बाईंनी भिंतीवरचा त्याचा तुकडा काढून त्याच्या हातात ठेवला. "हा घेऊन जा. नवं नको मला. हेच उभं कर, आणि मग हा पुन्हा मिळव."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी येऊन तो माझे कापड शिवत बसला. बोटाला सुई टोचली की मला बरे वाटे. काल मी पायावर उभे राहिले. कोणी न सांगता तो आत बसला आणि कितीतरी वेळ गवत बघत राहिला.

"इतकं जवळ असतं, मॅडम. विसरलोच होतो."

"म्हणून तर खिळा रिकामा आहे."

मित्रांनो, खुशाल ढगांच्या वर जा. पण ज्याच्या आधाराने शिकलात, त्याला भंगार म्हणू नका. उद्या कर्टिस एकटा उडणार आहे. बाईंनी कात्री काढून ठेवली आहे. माझा राग मात्र गेलेला नाही; कर्टिस नीट उतरला, तर बघू.