उपाशी नसलेली डुकरं

जयपूरच्या मराठी महिला मंडळाला यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू काहीतरी वेगळं करायचं होतं. दर वर्षी मानसरोवर वसाहतीतल्या कुठल्यातरी हॉलमध्ये जमायचं, प्लास्टिकचे डबे लुटायचे आणि प्याज कचोरी खाऊन घरी जायचं, याचा मधुवंतीताईंना कंटाळा आला होता. मधुवंतीताई म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा. यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मुलं परदेशात, हाताशी वेळच वेळ. जयपुरात संक्रांतीला लोक गाईंना गूळ घालतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांना पोळ्या टाकतात. मग आपणही मुक्या जनावरांना तिळगूळ का देऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. आणि आपली प्रणिता तर जनावरांच्याच संस्थेत कामाला होती.

प्रणिता पशुवैद्य. नवरा विनय विमा कंपनीत. त्याची कोल्हापूरहून जयपूरला बदली झाली आणि तिला शहराबाहेरच्या एका खासगी संशोधन संस्थेत जागा मिळाली. तिच्या शेडमध्ये गाई नव्हत्या, डुकरं होती. हे कळल्यावर मंडळातल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. "वराह अवतार म्हणायचं आणि हात जोडायचे," असं म्हणत मधुवंतीताईंनी सगळ्यांना गाड्यांत कोंबलं. प्रणिताला मात्र बरं वाटलं. मंडळात आजवर तिला कुणी कामाबद्दल विचारलंच नव्हतं, विचारलं तर कोल्हापुरी मसाला कुठे मिळतो एवढंच.

शेडच्या एका बाजूला बारा डुकरं होती, दुसऱ्या बाजूला बारा. सगळी एका वयाची, एका जातीची. एका बाजूला प्रणिता पाच महिने शेवेचा चुरा, बिस्किटांचा भुगा, वनस्पती तूप आणि साखर खायला घालत होती. हा बेत तिला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. आसपासच्या शाळांतल्या मुलांचे डबे बघून तिने तो ठरवला होता. दुसऱ्या बाजूला मका, बाजरी आणि सोयाबीनची पेंड, तीही मोजून. दोन्हीकडच्यांना फ्लूची एकच नवी लस टोचली होती. आता संक्रांतीनंतर सगळ्यांच्या नाकात फ्लूचे विषाणू सोडायचे आणि बघायचं, की लठ्ठ अंगात लस कमी पडते का, फुप्फुसं जास्त खराब होतात का. डुकराचं पोट, त्याची चरबी आणि त्याचा फ्लू माणसाच्या बराच जवळचा, म्हणून डुकरं.

यातलं एकही डुक्कर प्रयोगानंतर जगणार नव्हतं. फुप्फुसं उघडून बघायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? प्रणिताला ते सोपं जात नव्हतं, आणि सोपं जातं असा आवही ती आणत नसे. तिने स्वतःला फक्त एक अट घातली होती. ज्या जनावराला आपण ताप आणणार, त्याचा ताप फुकट जाता कामा नये. तो उत्तरासाठीच आलेला असला पाहिजे. तेवढ्या एका अटीवर ती या कामात टिकून होती.

तर बायका आल्या. काठापदराच्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली कुणाचीतरी नवी सून, आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल. शेडच्या मधोमध काचा लावलेला एक बोळ होता, तिथून दोन्ही बाजू दिसायच्या. यांना फ्लू देणार आणि शेवटी यातलं कुणीच जगणार नाही, हे प्रणिताने आधीच सांगितलं होतं. आत काही टाकायचं नाही, हेही सांगितलं होतं, म्हणून तिळगूळ एकमेकींनाच दिला गेला.

"अगं बाई, ही बघा कशी गुटगुटीत!" मधुवंतीताई डावीकडे बघून म्हणाल्या. "अगदी खात्यापित्या घरची." मग त्या उजवीकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "आणि ही गं? यांना खायला नाही का घालत?"

"ताई, तीच ठणठणीत आहेत," प्रणिता म्हणाली. "आजारी आहेत ती डावीकडची. रक्तातली साखर चढलीय, यकृतात चरबी साठलीय. चार पावलं चालली की धाप लागून बसतात."

"बसतात ती पोट भरलंय म्हणून. ही बिचारी बघ, कशी इकडून तिकडे फिरतायत. भुकेनेच ना?"

ती फिरत नव्हती, खेळत होती. छताला टांगलेली साखळी ओढत होती, एकमेकांना ढुशा देत होती, काचेला नाक लावून बायकांकडे टकामका बघत होती. डुकराने जसं असावं तशीच ती होती. पण शेजारी बारा धष्टपुष्ट भाऊबंद लोळत पडलेले, त्यांच्यापुढे ही बिचारी कंगाल दिसत होती. प्रणिताने पुन्हा समजावलं, मग तिसऱ्यांदा समजावलं. माना डोलल्या, पण ऐकलं कुणीच नाही. "आमच्या सुनेचंही हेच," एक बाई उसासा टाकून म्हणाली, "पोराला मोजून खायला घालते. पोराच्या बरगड्या दिसतात नुसत्या." त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्या संध्याकाळी मधुवंतीताईंचा व्हिडिओ फिरू लागला. आधी लठ्ठ डुकरं, मग बारीक डुकरं, मागे करुण बासरी आणि खाली हिंदीत अक्षरं: 'एक तरफ दावत, एक तरफ भूख. इन बेजुबानों का कसूर क्या है?' मानसरोवरातून तो सोडाल्याला गेला, सोडाल्यातून शास्त्री नगरला, आणि तिथल्या एका वेब चॅनेलवाल्याने तो उचलला. दोन दिवसांत संस्थेच्या फाटकापाशी फलक घेतलेली माणसं उभी राहिली. त्यातल्या एकालाही हे वाटलं नाही, की काचेच्या डावीकडे जी धापा टाकतायत त्यांच्यावर काही अन्याय होतोय. पोट भरून आजारी पाडलं तर तो लाड, आणि नीट मोजून खाऊ घातलं तर छळ! प्रणिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नेमकं तेव्हाच तिला कोल्हापूरला जावं लागलं. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं, ते टाळता येण्यासारखं नव्हतं. निघण्याआधी ती संचालकांना भेटली. डॉ. प्रसन्न मूळचे पुण्याचे. गोड बोलणारे, कुणालाच न दुखवणारे. "सर, दोन ओळींचा खुलासा द्या," ती म्हणाली. "बारीक डुकरं निरोगी आहेत, एवढंच. मी लिहून देते."

"मी बघतो सगळं. तुम्ही निश्चिंत जा."

आठवड्याने ती परतली आणि सामान घरी टाकून थेट शेडवर गेली. उजवीकडच्या गव्हाणीत शेवेचा चुरा होता. तिला वाटलं, आपण चुकून डावीकडे बघतोय. मग तिने नीट बघितलं. तीच बारा डुकरं, अंगाला तुकतुकी आलेली, गव्हाणीत तोंड खुपसून उभी. साखळी वर लोंबकळत होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"हे कुणी घातलं?" तिने शेड सांभाळणाऱ्या भंवरजींना विचारलं.

"साहब का हुकुम था, मैडम. बोले, दोनों को बराबर खिलाओ." भंवरजींनी मान खाली घातली. "और वो आपकी मराठी मैडम लोग भी रोज आती हैं. लड्डू लेकर. साहब ने दरवाजा खुलवा दिया."

आपकी मराठी मैडम लोग. तेवढं ऐकून प्रणिताला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिने डुकरांची वजनं घेतली, रक्त काढलं, संध्याकाळपर्यंत थांबून तपासलं. साखर चढली होती. बारीक असं आता कुणी उरलंच नव्हतं. उजवीकडची डुकरं ना धड लठ्ठ होती, ना धड निरोगी, आणि ज्यांच्याशी तुलना करायची ते टोकच नाहीसं झालं होतं. पाच महिने तिने त्यांचा घास न घास मोजला होता, दिवाळीतसुद्धा घरचा फराळ टाकून इथे आली होती. आणि एका आठवड्यात हौशी बायकांनी आणि एका भित्र्या माणसाने सगळ्यावर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी ती संचालकांच्या खोलीत शिरली ती बसलीच नाही.

"सर, हा गट गेला. यांना आता विषाणू देण्यात अर्थ नाही."

"अहो, असं काय करता? फरक दिसतो की अजून." प्रसन्न हसले. "आणि बघा, फाटकावर आता कुणी नाही. त्या बायकांनी तर आपल्याबद्दल छान लिहिलंय."

"लस कमी पडते की नाही, हे यातून कळणारच नाही. उत्तर खोटं येईल."

"उत्तर येईल ना? कंपनीला अहवाल हवाय, मार्चअखेर. मंगळवारी ठरल्याप्रमाणे विषाणू द्या."

हा माणूस स्वतः पशुवैद्य होता. चोवीस जनावरांना ताप येणार, खोकून खोकून ती कोपऱ्यात पडणार, त्यांना श्वास घेता येईनासा होणार, आणि हे सगळं एका अशा कागदासाठी, ज्यावर लिहिलेलं खरं नाही, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आणि उद्या त्या कागदावर विसंबून कुणीतरी एखाद्या जाडजूड पोराला लस टोचून सांगणार, की आता घाबरू नका.

"मी देणार नाही," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कुणालाही देऊ देणार नाही. जनावरांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीत मीही आहे. आजच्या आज मी त्यांना सगळं कळवते. लाडवांसकट."

प्रसन्नांचं हसू मावळलं. "ठीक आहे. बंद करा मग. पण नियम तुम्हाला माहीत आहेत. परवाना नसलेली लस टोचलेली जनावरं फाटकाबाहेर जाऊ शकत नाहीत. बाजारात नाही, कुठल्या आश्रमातही नाही."

"माहीत आहेत."

"आणि एप्रिलमध्ये नवी पिल्लं येतील. चोवीस. तुम्ही असाल तर तुमच्या हाताखाली, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या."

घरी आल्यावर तिने विनयला सांगितलं, तेव्हा तो हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "मग हे त्या बायकांना कोण सांगणार?" त्याला उत्तर द्यायच्या आतच तिचा फोन वाजला. मधुवंतीताईच होत्या.

"अगं प्रणिता, खरं का गं? तुमचे साहेब म्हणाले, इंजेक्शन रद्द झालं त्यांचं! इथे आम्ही सगळ्या नुसत्या नाचतोय. मंडळाने चोवीस जीव वाचवले बघ. रविवारी छोटासा कार्यक्रम ठेवतोय, मतलब, तुझाही सत्कार..."

"ताई," प्रणिता म्हणाली, "उद्या सकाळी त्यांना मारायचंय. चोवीसच्या चोवीस."



"मारायचंय? का पण? आता तर ती चांगली धडधाकट झालीत!"

"कारण ती कशाच्याच उपयोगाची राहिली नाहीत. बाहेर सोडता येत नाहीत, प्रयोगात घेता येत नाहीत. मरणार तर ती होतीच, ते मी तुमच्यापासून लपवलं नव्हतं. पण मरून काहीतरी सांगून गेली असती. आता नुसतीच मरतील. आणि एप्रिलमध्ये आणखी चोवीस पिल्लं आणतील, कारण प्रश्न तसाच पडून आहे. त्यांना पुन्हा पहिल्यापासून आजारी पाडायचं. वाचवलं म्हणताय ना? तुम्ही चोवीसांचे अठ्ठेचाळीस केलेत."

"अगं, पण आम्हाला काय माहीत? आम्ही तर चांगल्या मनानेच..."

"मी सांगितलं होतं. काचेपाशी उभं राहून तीनदा सांगितलं होतं." तिचा आवाज चढला, आणि तिने तो चढू दिला. "तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही, ताई. तुम्हाला ऐकायचं नव्हतं. जाड म्हणजे सुखी आणि बारीक म्हणजे उपाशी, हे तुमचं आधीच ठरलेलं होतं. मी पाच महिने काय करत होते असं तुम्हाला वाटलं? डुकरांवर सूड उगवत होते?"

मधुवंतीताई रडू लागल्या होत्या. ते खरं रडणं होतं, आणि त्याचाच प्रणिताला जास्त राग आला.

"उद्या या तुम्ही," ती जरा खाली येऊन म्हणाली. "दहा वाजता. टोमणा मारत नाहीये मी. त्यांना आता तुमची सवय झालीय. तुम्ही जवळ उभ्या राहिलात तर ती घाबरणार नाहीत, सुई टोचतानासुद्धा शांत राहतील. तेवढं तरी करा त्यांच्यासाठी."



"नाही गं बाई," मधुवंतीताई म्हणाल्या. "मला नाही बघवणार ते."

"मलाही बघवत नाही," प्रणिता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सकाळी तिने उजवीकडचं दार उघडलं, तशी बाराही डुकरं धावत आली आणि तिच्या हातांचा वास घेऊ लागली, कोपरापर्यंत, खिशापर्यंत. आठवडाभरात त्यांना तेवढंच शिकवलं गेलं होतं, की दार उघडून बाई आत आली म्हणजे काहीतरी गोड मिळतं.