नेटीचे केस कोणी कापले?

मित्रांनो, मी एक जुनं केस कापायचं मशीन आहे. क्लीव्हलँड शहरातल्या एका दुकानात मी वीस वर्षं राबलो. कुरळ्यात कुरळे केस माझ्यापुढे नरम पडायचे! पुढे बिनवायरची मशीनं आली आणि माझी रवानगी खणात झाली. तिथून मला उचललं मालकाच्या भाच्याने, डोरियनने. तो ज्या गावी शिकायला निघाला होता, तिथे आमच्या काळ्या लोकांच्या केसांना हात लावणारा न्हावीच नव्हता. डोरियनचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दर रविवारी वसतिगृहाच्या न्हाणीघरात खुर्ची मांडली जायची. डोरियनला मुलगे आवडायचे, त्याच्या मैत्रिणीला, मारिसेलला, मुली. दोघांच्याही घरी हा विषय काढायची सोय नव्हती. खुर्चीभोवती मात्र सगळं बोललं जायचं, आणि हसणं तर विचारूच नका.

एका रविवारी पहिल्या वर्षाची नेटी आली. तिला लहानपणापासून मुलांसारखे बारीक केस हवे होते. तिच्या गावच्या न्हाव्याने मुलगी म्हणून तिला दोनदा हाकललं होतं.

"शनिवारी बाबा भेटायला येणारेत," ती म्हणाली. "कापलेले केस बघितले तर कॉलेज सोडवून घरी नेतील. तरी कापच."

डोरियनने कापायला घेतलं, पण त्याचं सगळं लक्ष त्या शनिवारात. केस फार खोल कापले जाऊ नयेत म्हणून माझ्या दातांवर बसवलेला कंगवा निसटला आणि मानेच्या वर चांगला नाण्याएवढा टकलाचा चट्टा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गेली माझी अब्रू," डोरियन म्हणाला.

"तुझी कसली? डोकं तिचं आहे," मारिसेल म्हणाली.

नेटी मात्र आरशात बघून आधी हसली, मग रडली. "ही खरी मी," ती म्हणाली.

शनिवारी त्याच न्हाणीघरात तिघं तो चट्टा झाकायची खटपट करत होते, तोच बाबा दारात उभे. उंचेपुरे, अंगात चर्चला जायचा सूट.

"हे कोणी केलं?"

"मी," डोरियन म्हणाला.

"मी," मारिसेल म्हणाली. तिने मला कधी हातही लावला नव्हता.

"मीच, बाबा," नेटी म्हणाली. "आणि पुन्हा करीन."

 बाबा जवळ आले, त्या चट्ट्यावरून अंगठा फिरवला, हॅट काढली आणि खुर्चीत बसले.

"आधी माझ्या डोक्यावर नीट शिकून घे," ते डोरियनला म्हणाले. "मग पोरीला हात लाव."

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. काम झालं की दातांतले केस झटका, दोन थेंब तेल सोडा. आणि कोणी तुमच्यापुढे मान झुकवून बसलं, तर घाई करू नका. त्या दिवशी बाबांची मान थरथरत होती. डोरियनने तिच्यावर आधी नुसता हात ठेवला. ती शांत झाल्यावरच त्याने मला चालू केलं.